डाग, दागिना आणि काळा दोरा

मराठीतला 'डाग' हा शब्द मोठा बोलका आहे. पांढऱ्या सदऱ्यावर पडतो तो डाग. तापल्या सळईने जनावराच्या अंगावर उमटवतात तोही डाग. आणि 'लेकीच्या अंगावर चार डाग घातले' असे एखादा शेतकरी समाधानाने सांगतो तेव्हा तोही डागच. कलंक, खूण आणि अलंकार यांना एकाच शब्दात नांदवणाऱ्या या भाषेने दागिन्याविषयीचे एक जुने सत्य जपून ठेवले आहे, असे आम्हाला वाटते. दागिना शोभेसाठी असतो हे खरेच. परंतु 'हा कोण' आणि 'ही कोणाची' हे न विचारता कळावे, ही सोयही तो शतकानुशतके करीत आला आहे. म्हणून दागिन्याचा इतिहास लिहायचा तर घडणावळीबरोबर आणखी एक चौकशी करावी लागते: अंगावरची ही वस्तू कोणी चढवली, आणि ती उतरवण्याचा अधिकार कोणाकडे होता?

ही चौकशी करण्यास चौसाळ्यासारखे गाव फार सोयीचे आहे. बीडहून सोलापूरकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर यावे लागते, आणि मग पुढे महामार्गालगत चौसाळा लागते. गाव लहान, पण रस्ता मोठा. हाच रस्ता पुढे येरमाळ्याच्या येडेश्वरीकडे आणि तुळजापूरच्या भवानीकडे जातो. मांजरसुंब्याजवळच वीरशैव संतकवी मन्मथस्वामींचे कपिलधार आहे. आणि साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या ऊसतोड कामगारांच्या गाड्याही दरवर्षी या परिसरातूनच निघतात. त्यामुळे येथील थांब्यावर तासभर उभे राहिले तरी गळ्यांचा, मनगटांचा आणि पायांचा एक चालता कोशच डोळ्यांपुढून जातो. तुळशीची माळ, कवड्यांची माळ, इष्टलिंग, रुद्राक्ष, राजमुद्रेचे पदक, निळ्या दोरीतले अशोकचक्र, एक ग्रॅम सोन्याचे गंठण, ऑक्सिडाइज्ड झुमके. आणि महाविद्यालयात निघालेल्या मुलींच्या एका पायात, घोट्यापाशी बांधलेला साधा काळा दोरा.

या काळ्या दोऱ्यापाशी थोडे थांबले पाहिजे. आज तो फॅशन आहे. मुलींना विचारले तर कोणी 'दृष्ट लागू नये म्हणून' असे म्हणते, कोणी 'छान दिसतो' म्हणते, कोणी मैत्रिणीने बांधला म्हणून आपणही बांधला असे सांगते. तिन्ही उत्तरे खरी आहेत. काळा रंग दृष्टीला अडवतो ही समजूत आपल्याकडे जुनीच. तान्ह्या बाळाच्या मनगटातले काळे मणी, कमरेचा करदोडा, गालावरची तीट ही सारी त्याच कुळातली. विवाहित स्त्रीच्या गळ्यातली काळी पोतही या कुळाबाहेरची नाही. म्हणजे काळा दोरा हे जिव्हाळ्याचे लेणे: जिच्यावर माया आहे तिला तो बांधायचा.

पण याच दोऱ्याचा एक दुसरा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिसंस्थेच्या उच्चाटनाविषयीच्या आपल्या भाषणात पेशवाईतील अस्पृश्यांची स्थिती सांगताना या दोऱ्याचा उल्लेख केला आहे. चुकूनही कोणाला विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, असा तो दंडक. बाळाला बांधलेला दोरा दृष्टीपासून त्याचे रक्षण करतो. हा दोरा इतरांचे रक्षण करी, तेही ज्याच्या गळ्यात तो होता त्याच्यापासून. दोरा तोच, रंग तोच. गाठ कोणी मारली एवढाच फरक, आणि तेवढ्या फरकात माणसाचे आयुष्य उलटेपालटे होते.

बाबासाहेबांना हा फरक किती नेमका ठाऊक होता, हे महाडला दिसले. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना माहीत असते. त्याच परिषदेच्या मुक्कामात त्यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, त्याची आठवण मात्र कमी निघते. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या एकावर एक गळसऱ्या, हातांत कोपरापर्यंत भरलेले कथलाचे वा चांदीचे गोट-पाटल्या, या साऱ्यांवरून अस्पृश्य स्त्री दुरून ओळखू येते. तेव्हा ही ओळख टाकून द्या, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालूच नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्याच मुक्कामात स्त्रियांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. वरवर पाहता हा पोशाखाचा उपदेश वाटेल. प्रत्यक्षात तो 'डाग' या शब्दाच्या दोन अर्थांची फारकत करणारा प्रसंग होता. अलंकार म्हणून जो मिरवायचा तो मुळात डागणीचा डाग आहे, हे तेथे उघडपणे बोलले गेले. आणि तो उतरवण्याचा अधिकार जिच्या अंगावर तो आहे तिचाच, हेही.

चौसाळा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्यात ही चळवळ संघटित रूपाने यायला आणखी काही वर्षे गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला परिषद भरवली, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानच संपले. दागिन्यांच्या इतिहासात राज्य बदलण्याला महत्त्व असते, कारण गळ्यात नाणी असतात. पुतळीची माळ आपण अस्सल मराठमोळी मानतो. परंतु तिचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. त्यावरच्या मानवी आकृतींमुळे आपण तिला पुतळी म्हटले आणि आपलीशी केली. तांड्यावरील बंजारा स्त्रियांच्या पेहरावातही नाणी गुंफलेली आढळतात. राज्ये बुडतात, नाण्यांवरचे मुखवटे बदलतात. पण धातू गळ्यात राहतो.

आता भाषेकडे पुन्हा वळू. दागिना अंगावरून जाण्यासाठी मराठीत तीन क्रियापदे आहेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी आहे. सुवासिनीची बांगडी पिचली तर ती 'फुटली' असे आपण म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. मंगळसूत्र तुटले तरी ते 'वाढते'. अभद्र बोलायचे नाही म्हणून उणे झाले त्यालाच अधिक म्हणायचे. भाषेने केवढी काळजी घेतली आहे! परंतु नवरा मेला की ही काळजी एका क्षणात संपते. मग बांगड्या 'फोडतात', कुंकू 'पुसतात', पोत 'तोडतात'. या क्रियापदांचा कर्ता बहुधा दुसराच कोणी असतो. कालपर्यंत जी स्वतःच्या हाताने बांगडी वाढवत होती, तिची बांगडी आज इतर बायका फोडतात. गळ्यातली वस्तू तिची नव्हतीच, ती तिच्या नवऱ्याच्या असण्याची पावती होती, हे असे व्याकरणातून उघडे पडते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो आदर्श इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका गावाने ठराव करून काय होते, असे म्हणणारे म्हणोत. क्रियापदाचा कर्ता बदलण्याचा तो प्रयत्न होता, आणि म्हणून आम्हाला तो मोलाचा वाटतो.

तिसरे क्रियापद 'मोडणे'. सोने विकत नाहीत, मोडतात. बीड जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेतील मुलखात हे क्रियापद दर काही वर्षांनी घराघरांत ऐकू येते. १९७२ च्या दुष्काळात बाया खडी फोडण्याच्या कामावर गेल्या आणि त्याआधी किंवा त्याबरोबर अंगावरचे किडूकमिडूक सावकाराच्या पेटीत गेले, ही पिढीजात आठवण येथे कोणत्याही वडीलधाऱ्या स्त्रीकडून ऐकायला मिळते. दागिना ही बाईची पेढी असे म्हणतात. पण या पेढीची किल्ली कोणाकडे? बियाणे, बैल, दवाखाना, धाकट्या दिराचे लग्न. मोडायची वेळ आली की निर्णय पुरुष घेतात आणि डोरले गळ्यातून निघते. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क आहे, नवऱ्याकडे ते केवळ सोपवलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने नव्या दागिन्यांना १४ कॅरटची मर्यादा घातली, तिची चर्चा पेठांत खूप झाली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला आणि १९९० मध्ये रद्दही झाला. सोने किती शुद्ध असावे यावर राज्याने एवढा विचार केला; ते कोणाचे आहे हा विचार मात्र घराच्या उंबऱ्याआत सहसा पोचला नाही.

ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' असते. उचल जोडप्याच्या नावे, श्रम दोघांचे. ज्या हिशेबात बाईला स्वतंत्र आकडाच नाही, त्या घरी तिच्या अंगावरचा डाग तरी तिच्या एकटीचा कसा राहणार? म्हणूनच बाजारातल्या बेन्टेक्सकडे आणि एक ग्रॅम सोन्याकडे नाके मुरडणाऱ्यांशी आमचे जमत नाही. ही खोटी आभूषणे कोणी मोडू शकत नाही, गहाण ठेवू शकत नाही, मागून नेत नाही. शंभर-दोनशे रुपयांचे ते झुमके जिने घेतले तिचेच राहतात. खोट्या दागिन्याच्या वाट्याला आलेला हा खरेपणा सोन्याला फार क्वचित लाभला आहे.

अर्थात, न उतरणाऱ्या वस्तूंची एक वेगळी परंपराही याच रस्त्यावर आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. वारकऱ्याची तुळशीची माळ हे व्रत आहे. ती घालणारा मांसाहार सोडतो, वारी पत्करतो. कपिलधारला जाणाऱ्या लिंगायत भाविकाचे इष्टलिंग पुरुषाच्या गळ्यात असते तसेच स्त्रीच्याही. नवरा गेला म्हणून ते काढले जात नाही, मरणानंतरही ते देहासोबत राहते. गोंदणाचेही तसेच. सोने इथेच राहते, गोंदण सोबत येते, असे जुन्या बाया म्हणत. जिच्यापाशी काहीच तिचे नव्हते, तिने कातडीवरच लेणे कोरून घेतले, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

मग आजच्या तरुणांच्या गळ्यात जे दिसते ते काय आहे? कवड्यांची माळ आराध्याच्या गळ्यातून शिवजयंतीच्या मिरवणुकीत आली. राजमुद्रा, चक्र, भगवा, निळा, पिवळा. प्रत्येक रंगाची दोरी आहे आणि प्रत्येक दोरी स्वेच्छेने बांधलेली आहे. ज्या निळ्या दोरीने एका समाजाची मान ताठ झाली, तिला आणि पेशवाईतल्या काळ्या दोऱ्याला एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही एक शंका राहते. पूर्वी ओळख दुसरे लादत. आता आपणच ती दुरून वाचता येईल अशी लावू लागलो, तर वाचणारा तिचा उपयोग कशासाठी करील? २०२५ साली बीड जिल्हा पोलिसांनी गणवेशावरच्या नामपट्टीतून आडनाव काढून केवळ नाव ठेवण्याचा मार्ग धरला, तो याच शंकेपोटी. छातीवरची बोटभर पट्टीही जात सांगू लागली, तेव्हा ती अर्धी उतरवावी लागली. महाडच्या स्त्रियांनी गळसऱ्या काढल्या त्या घटनेशी या पट्टीचे नाते आम्हाला जवळचे वाटते.

तेव्हा घोट्यावरच्या त्या काळ्या दोऱ्याला हसू नये. त्या मुलीने तो स्वतः निवडला आहे आणि कंटाळा आला की ती तो स्वतः सोडील. तिच्या आजीला एवढेही शक्य नव्हते. कसोटी पुढे आहे. लग्नानंतर हीच मुलगी नोकरीवर जाताना गंठण पर्समध्ये ठेवील, आणि कोणी विचारलेच तर बसमधल्या चोरांची भीती पुढे करील. चोरांचे नाव न घेता 'आज घालावेसे वाटले नाही' एवढेच उत्तर तिला ज्या दिवशी देता येईल, त्या दिवशी डाग आणि दागिना हे दोन वेगळे शब्द झाले असे म्हणता येईल.