पेटन राऊस आणि एक कोंबडी

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. ती तपासणारे डॉक्टर पेटन राऊस तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते.

त्या गाठीचे तुकडे राऊस यांनी इतर कोंबड्यांच्या अंगी रुजवून पाहिले. प्रथम ते तिच्या जवळच्या नात्यातील कोंबड्यांतच वाढले. परक्यांच्या प्रतिकारशक्तीने त्यांना थारा दिला नाही. पुढे एकीतून दुसरीत नेता नेता गाठीचा जोर वाढला. मग राऊस यांनी ती वाटून तिचा रस अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. पेशी तर राहोच, रोगजंतूही त्या गाळणीतून पार होत नाहीत. तरी तो रस टोचलेल्या निरोगी कोंबडीस तोच कर्करोग झाला! हा कर्ता विषाणूच असावा. हे १९११ मध्ये प्रसिद्ध झाले.

विद्वानांनी ते मानले नाही. त्यांना हेकट म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कर्करोग सहवासाने जडत नाही हा वैद्यांचा नित्याचा अनुभव होता. शिवाय उंदरांच्या गाठींत खुद्द राऊस यांनाही असे काही सापडेना. त्यांनी विषय सोडला. महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, टर्नर यांच्यासह त्यांनी सायट्रेट व साखर घालून रक्त काही आठवडे टिकविण्याची रीत शोधली. तिच्यामुळेच १९१७ मध्ये रॉबर्टसन यांना युद्धभूमीवर साठविलेले रक्त देता आले. एका आयुष्याला एवढेही पुरले असते.

१९३३ मध्ये रिचर्ड शोप यांना रानसशांच्या चामखिळींत विषाणू आढळला, आणि राऊस पुन्हा जुन्या वाटेला लागले. त्या चामखिळींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, हे त्यांनी दाखविले. नोबेल पारितोषिक मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी; मूळ शोधाला तेव्हा ५५ वर्षे झाली होती.

मात्र पेशीच्या स्वतःच्या जनुकांतील बिघाडातून कर्करोग होतो, हे मत त्यांनी पारितोषिकाच्या व्याख्यानातही खोडून काढले. १९७० मध्ये ते वारले. १९७६ मध्ये बिशप व व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत उलगडा झाला, तोही राऊस यांच्याच विषाणूवरून. कर्करोग घडविणारे त्याचे जनुक त्याचे स्वतःचे नव्हतेच. पूर्वी केव्हातरी ते त्याने पक्ष्याच्या निरोगी पेशीतून उचलले होते.