उपाहारगृहांतील कामगारांचे पडण्याचे अपघात

उपाहारगृहाच्या भटारखान्यात, मोरीजवळ किंवा जिन्यावर घसरून वा माळ्यावरून खाली पडून कामगारास होणारी इजा. सांडलेले तेल, खरकटे आणि पाणी यांमुळे तेथील फरशी निसरडी राहते. हातात तापलेले पातेले असल्यास अस्थिभंगात भाजण्याची भर पडते. यंत्राच्या अपघातासारखा हा अपघात नजरेत भरत नाही आणि दोष बहुधा पडणाऱ्याच्याच माथी येतो.

कायद्याने हा समज फार पूर्वी दूर सारला. १ जुलै १९२४ पासून अंमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने (१९२३) नशा, सुरक्षानियमाचा हेतुपुरस्सर भंग आणि संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढेच बचाव मालकास दिले. नुसती बेफिकिरी त्यांत नाही. कामास मुकण्याची किमान मुदत आरंभी दहा दिवसांची होती, ती पुढे तीन दिवसांवर आली. मात्र हा लाभ परिशिष्टातील व्यवसायांपुरता असल्याने हॉटेलातील पोऱ्या त्यात सहज बसत नसे. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात (१९४८) मागाहून घातलेल्या कलम ३८ अ ने ही उणीव भरून काढली. यवतमाळ जिल्ह्यातील नेर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. तेथे १९४७ चा निराळा अधिनियम चाले. जिल्हा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये.

या इतिहासातील विलक्षण वर्ष १९७६ होय. कारखाना अधिनियमाच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने, फरशी व जिने घसरण्यास कारण होणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवावेत, अशी तरतूद कलम ३२ मध्ये आली. त्याच दुरुस्तीने हॉटेल व उपाहारगृह यांना ‘कारखान्या’च्या व्याख्येतून वगळले. ज्या फरशीला या नियमाची निकड अधिक, तीच त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या स्वयंपाकघरातील काम ही निर्मितिप्रक्रिया ठरवून राज्य विमा योजनेचा मार्ग मोकळा केला. पण त्यासाठी कामगारसंख्येची अट होती.

सामाजिक सुरक्षा संहिता (२०२०) २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात येऊन १९२३ चा अधिनियम तीत सामावला गेला. त्याच दिवशी अंमलात आलेली व्यावसायिक सुरक्षितता संहिता सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे, आणि तिच्याही ‘कारखान्या’त उपाहारगृह येत नाही. नेरसारख्या तालुक्याच्या गावी पाच-सहा माणसांवर चालणाऱ्या हॉटेलातील आचाऱ्यास किंवा वाढप्यास, त्यामुळे, पडल्यानंतरच्या भरपाईचाच आधार उरतो. हजेरीपट नसल्यास आपण तेथे नोकरीस होतो, हेच त्याला प्रथम सिद्ध करावे लागते.