मथळ्यांतली मिरज, सुरांतली मिरज



एखाद्या परगावची ओळख आपल्याला बहुधा वर्तमानपत्रातून होते. तेथे काही विशेष घडले की गावाचे नाव मोठ्या टाइपात छापून येते, चार दिवस त्याची चर्चा होते आणि मग दुसऱ्या गावाची पाळी येते. सांगली जिल्ह्यातील मिरजेचेच पाहा. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरच्या अफझलखानवधाच्या चित्रावरून तेथे दंगल उसळली, संचारबंदी पुकारली गेली आणि तिचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत पोहोचले. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी सुटली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी गेले. पुढे २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली.

या तिन्ही बातम्या खऱ्याच आहेत. पण पहिल्या दोन बातम्या काही दिवसांच्या आहेत, तर तिसरीच्या मागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो इतिहास आपल्यासारख्याच कष्टकरी मुस्लिम कुटुंबांनी घडविलेला आहे, म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो थोडक्यात मांडावासा वाटतो.

शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घडविणारे व त्यांना धार लावणारे कारागीर. १८१८ साली पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि हत्यारांची मागणी घटली. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तेथील राजेसाहेब संगीताचे शौकी असल्याने दूरदूरचे गवई-वादक दरबारी येत. त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्त कोण करणार? हे काम फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे आले, असे परंपरा सांगते. दुरुस्ती करता करता त्यांनी वाद्याचे अंतरंग जाणून घेतले आणि सुमारे १८५० च्या सुमारास ते स्वतः तंतुवाद्ये घडवू लागले. तलवारीला धार लावणारा हात तारेला सूर देऊ लागला. पुढे या घराण्यांतील कित्येकांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. धंदा गेला म्हणून हातावर हात ठेवून न बसता आपल्या कसबाला नवे काम शोधून देणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. आजच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगला धडा कोणता देता येईल?

हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. तानपुऱ्याचा भोपळा म्हणजे खाण्याचा भोपळा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा असतो आणि मुख्यतः पंढरपूरच्या परिसरातील शेतांतून येतो. तो चांगला वाळवून, मुरवून, कापून त्यावर लाकडाची तबली बसवायची. मग गळा, दांडी, खुंट्या आणि नक्षीकाम. शेवटी तारा चढवून घोडीची जवारी लावायची. घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका बेताने घासावा लागतो की तार त्याला निसटता स्पर्श करील आणि सूर भरून निघेल. थोडे कमी घासले तर आवाज मुका राहतो, थोडे जास्त घासले तर तो फाटतो. यासाठी कोणतेही मोजमाप कामी येत नाही. कान हाच मापाचा गज. असा कान वर्षानुवर्षे उस्तादाजवळ बसूनच तयार होतो. हेही एक शिक्षणच आहे, फक्त त्याचे प्रमाणपत्र छापलेले नसते.

आता जरा विचार करा. पंढरीच्या परिसरातील शेतकऱ्याने पिकविलेला भोपळा, त्याला आकार देणारे मुस्लिम कारागीर, त्यांना आश्रय देणारे गणेशभक्त पटवर्धन राजे आणि त्या तानपुऱ्यावर गाणारे सर्व जातिधर्मांचे गायक. याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एका वाद्यामागे केवढा समाज एकत्र आलेला आहे!

मिरजेतील ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा हे या सर्वांना जोडणारे स्थान. येथील उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मोठा मान आहे. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी स्थायिक झाले. ते मूळचे उत्तरेकडील कैराना गावचे. परंतु महाराष्ट्राने त्यांना आपले मानले व त्यांनी महाराष्ट्राला. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालविले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य. मीरासाहेबांवर त्यांची अपार श्रद्धा होती. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत, पाँडिचेरीच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत नामवंत आणि नवोदित कलावंत हजेरी लावतात. ही हजेरी बिदागीसाठी नसते. ती सेवा म्हणून रुजू केली जाते.

१९३७ हे साल आठवून पाहा. प्रांतिक मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती, चीन-जपान युद्ध पेटले होते. त्या वर्षीच्या मथळ्यांपैकी किती आज आपल्याला आठवतात? पण उरुसातील सूर मात्र दरसाल नव्याने लागतात. वर्तमानपत्रांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. जे अकस्मात घडते, जे मोडते, ते लोकांना कळविणे हे त्यांचे कामच आहे. परंतु जे वर्षानुवर्षे शांतपणे चालत आले त्याची नोंद ठेवणे हे काम त्या त्या समाजाचे आहे. ते आपण केले नाही तर परक्याला मिरज म्हणजे फक्त २००९ ची संचारबंदी वाटेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपली मुलेही स्वतःकडे त्याच मथळ्याच्या चष्म्यातून पाहू लागतील.

या प्रश्नाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक तानपुरे आले, पुढे मोबाइल फोनमध्येच तानपुरा वाजू लागला. कष्ट फार आणि मिळकत बेताची, त्यामुळे कारागिरांची मुले इतर व्यवसायांकडे वळतात. यात पालकांचा दोष नाही. मुलाला स्थिर भाकरी मिळावी असे कोणाला वाटणार नाही? मानांकनामुळे ‘मिरज’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कसब शिष्याशिवाय टिकत नाही, आणि हे ज्ञान हातातून हातात गेलेले असल्याने त्याचे लेखन फारच थोडे झाले आहे. हात थांबला की विद्याही थांबेल.

म्हणूनच शिकलेल्या मुलांवर मोठी जबाबदारी येते. तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, शिक्षिका व्हा. पण घरात आजोबांचे अवजार असेल तर त्याचे नाव विचारा, ते कशासाठी व कसे वापरीत ते लिहून ठेवा. मिरज हे केवळ उदाहरण आहे. तुमच्या मोहल्ल्यातही उरूस भरत असेल, मुशायरे होत असतील, कोणी ताबूत बांधीत असेल, कोणाची आजी गोधडी शिवत असेल. अशा कार्यक्रमांची हस्तपत्रके रद्दीत देऊ नका. जुन्या छायाचित्रांच्या मागे माणसांची नावे आणि साल लिहा. शाळेच्या वहीत एका पानावर त्या महिन्यातील ठळक बातम्या आणि समोरच्या पानावर आपल्या वस्तीत झालेले कार्यक्रम, असा परिपाठ विद्यार्थ्यांनी ठेवावा आणि शिक्षकांनी त्यास उत्तेजन द्यावे. पालकांनी संध्याकाळी अर्धा तास मुलांशेजारी बसून आपल्या आठवणी सांगाव्यात.

दहा वर्षांनी ती वही उघडाल तेव्हा कोणत्या पानाने तुमचे गाव अधिक खरे सांगितले, ते तुमचे तुम्हालाच कळेल. अशा वह्यांतील निवडक पाने पुढे आपल्या शाळांच्या स्मरणिकांतून छापली जावीत, एवढीच अपेक्षा.