दवाखान्याच्या पाटीवरचा क्रमांक : डॉक्टर नेमका कोणाला जबाबदार?

डोंबिवली असो, कल्याण असो वा ठाणे. गल्लीतल्या दवाखान्याच्या पाटीवर तीन गोष्टी असतात: नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक. पहिल्या दोन सगळे वाचतात, तिसरी फारसे कोणी वाचत नाही. वास्तविक शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास त्या क्रमांकात दडलेला आहे. त्याविषयी हा धागा. (१/१३)

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. त्या काळी मुंबई इलाख्यात डॉक्टरांची कायदेशीर नोंदवहीच नव्हती. इंग्लंडमध्ये ती १८५८ पासून होती. इकडे मात्र खरा पदवीधर आणि भोंदू यांच्यातला फरक रुग्णाने स्वतःच ओळखायचा, अशी स्थिती होती. (२/१३)

आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९१२ साली, मुंबई वैद्यकीय कायदा आला. भारतातील अशा स्वरूपाचा हा पहिला कायदा. त्याने परिषद स्थापली, नोंदवही उघडली आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव त्या वहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला दिला. पाटीवरच्या क्रमांकाचा जन्म इथला. (३/१३)

पण ही वही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांपुरतीच होती. गावोगावचे वैद्य आणि हकीम तिच्या बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी मुंबई प्रांताने १९३८ मध्ये वेगळा कायदा केला. पुढे महाराष्ट्र राज्याने १९६१ आणि १९६५ मध्ये नवे कायदे केले. १९६१ च्या कायद्यातील कलम ३३ नोंदणीविना वैद्यकी करण्यास मनाई करते. महापालिका बोगस डॉक्टरांवर कारवाई करतात, ती प्रामुख्याने याच कलमाच्या आधारे. (४/१३)

दरम्यान कायद्याची नजर डॉक्टरावरून खाटेकडे वळली. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने रुग्ण दाखल करून घेणाऱ्या प्रत्येक खासगी शुश्रूषागृहाला आणि प्रसूतिगृहाला नोंदणी सक्तीची केली. देखरेख स्थानिक संस्थेकडे सोपवली. आज ठाण्यात ठाणे महापालिका आणि कल्याण-डोंबिवलीत तेथील महापालिका हे काम पाहते. (५/१३)

इथेच एक फट राहिली. ज्या दवाखान्यात खाट नाही, रुग्ण दाखल होत नाही, त्याला १९४९ चा कायदा लागू होत नाही. तापाने फणफणलेले मूल सर्वांत आधी नेले जाते ते मात्र अशाच एका खोलीत. केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात एकट्या डॉक्टरचा दवाखानाही येतो. पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. या खोलीतून निघणाऱ्या सुया आणि कापसाच्या बोळ्यांना जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत. खोलीतल्या उपचारांसाठी जामीन राहतो तो मुख्यतः पाटीवरचा क्रमांकच. (६/१३)

उपचार चुकले तर दाद कोठे मागायची? मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात एका शल्यविशारदाकडे नेण्यात आले आणि तिथे त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. वडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल वडिलांच्या बाजूने लागला, तो १९६८ मध्ये. (७/१३)

त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणते हे ठरवताना काळजी आणि ते करताना काळजी. तत्त्व मोलाचे होते. पण ते मिळवायला पंधरा वर्षे लागली. सामान्य कुटुंबाला ही वाट परवडणारी नव्हती. (८/१३)

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जवळची वाट काढली. पैसे देऊन घेतलेले उपचार ही या कायद्याखालील 'सेवा' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी स्पष्ट केले. तेव्हापासून शुल्क घेणारा गल्लीतला डॉक्टरही ग्राहक न्यायालयाच्या कक्षेत निर्विवादपणे आला. (९/१३)

पुढच्याच वर्षी एका साध्या दवाखान्याचे प्रकरण निकाली निघाले. जुलै १९९२ मध्ये मुंबईत एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली होती. रुग्ण दगावला. त्याच्या पत्नीची तक्रार राष्ट्रीय आयोगाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती मान्य करून ३ लाख रुपये भरपाई देवविली. ज्या पद्धतीची नोंदणी नाही, त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले. २०१४ मध्ये महाराष्ट्राने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना काही मुभा दिली. तो वाद अद्याप शमलेला नाही. (१०/१३)

कायद्याच्या वाटा असूनही संताप कधी कधी रस्त्यावर येतो. २६ ऑगस्ट २००१ रोजी आनंद दिघे यांच्या निधनानंतर ठाण्यातील सिंघानिया रुग्णालय जमावाने पेटवले. चौकशी नाही, सुनावणी नाही. निवाडा जागेवरच झाला. त्यात होरपळले ते तिथे उपचार घेणारे इतर रुग्ण. (११/१३)

त्यानंतरच्या दशकात कायदा दोन्ही बाजूंना सावरू लागला. केवळ साध्या चुकीसाठी डॉक्टरवर फौजदारी खटला चालणार नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. २०१० च्या राज्य कायद्याने वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. २०२१ च्या सुधारित नियमांनी शुश्रूषागृहांत रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. खाट नसलेली खोली याही वेळी बाहेरच राहिली. (१२/१३)

म्हणजे आज दारे तीन. डॉक्टरच्या वर्तनाविषयी तक्रार असेल तर त्याची नोंदणी जिथे आहे ती परिषद. ॲलोपॅथीच्या डॉक्टरसाठी मुंबईतील महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. खाटांच्या रुग्णालयाविषयी असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. भरपाई हवी असेल तर ठाण्यातील जिल्हा ग्राहक आयोग, तोही साधारणतः दोन वर्षांच्या आत. परिषदेचे दार ठोठावायचे तर सर्वांत आधी विचारला जातो तो पाटीवरचा क्रमांक. आनंदीबाईंच्या काळी तो वाचायला उपलब्धच नव्हता. आज आहे, आणि तो वाचायला काही सेकंदच लागतात. (१३/१३)