कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करण्याआधी

निकाह-वलीमा झाला की कार्ड भरतं आणि पुढच्या कार्यक्रमासाठी ते घाईत रिकामं केलं जातं. फोटो बहुतेक तेव्हाच जातात. कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर ‘डीसीआयएम’ फोल्डर दिसतं. ते ‘कट’ नको, ‘कॉपी’ करा. मध्येच लाइट गेली तरी मूळ फोटो कार्डात राहतात. मग संख्या जुळवा, थोडे फोटो मोठे करून उघडून पाहा. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती शक्यतो भावाकडे किंवा खालाकडे ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दर्जा कमी होऊनच जातो, तो बॅकअप नव्हे.

दोन प्रती झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करा. चुकून पुसलं गेलं, तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका. डिलीट केल्याने फक्त नोंद जाते. त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो आतच असतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत निघतो.

म्हणूनच कार्ड विकताना नुसतं फॉरमॅट पुरत नाही. घरातल्या बायका-मुलींचे फोटो परक्याच्या हाती लागू शकतात. आधी कसल्याही फालतू व्हिडिओने कार्ड काठोकाठ भरा, मग फॉरमॅट करा. आमच्या घरी तर जुनं कार्ड कुणाला देतच नाही, मोडून टाकतो.