विमानतळ संभ्रम
दृश्य उपगमनाच्या वेळी वैमानिकाने नियोजित विमानतळ समजून जवळच्या दुसऱ्याच विमानतळावर विमान उतरविणे, यास विमानतळ संभ्रम म्हणता येईल. हवा स्वच्छ असताना उपकरणांच्या मार्गदर्शनावर सर्वस्वी न विसंबता, डोळ्यांना दिसणाऱ्या धावपट्टीच्या आधारे विमान खाली आणण्याच्या पद्धतीस दृश्य उपगमन म्हणतात. त्यामुळे हा संभ्रम धुक्यापेक्षा निरभ्र हवेत होण्याचा संभव अधिक असतो.

या प्रकाराची ठळक उदाहरणे मुंबईत घडली. जुहू येथील विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून आणलेले टपाल विमान येथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या विमानांची वाहतूक पूर्वेस सु. ३ किमी.वरील सांताक्रूझ विमानतळाकडे गेली; तथापि जुहूची धावपट्टी कायम राहिली. दोन्हींकडील मुख्य धावपट्ट्या जवळजवळ समांतर, पूर्व-पश्चिम आहेत. समुद्राकडून सांताक्रूझला येणाऱ्या वैमानिकास किनाऱ्यालगतची जुहूची धावपट्टी आधी दिसते. तिची लांबी मात्र सु. १,१४० मी., म्हणजे सांताक्रूझच्या आजच्या मुख्य धावपट्टीच्या साधारण एक तृतीयांश आहे. ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान जुलै १९५३ मध्ये चुकून जुहूस उतरले. काही दिवसांनी ते तेथून उडविण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमानही असेच जुहूस उतरले. ते धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले व दुरुस्तीपलीकडे मोडले; सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेस नॉर्थोल्ट हा लष्करी विमानतळ आहे. पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ विमान २५ ऑक्टोबर १९६० रोजी हीथ्रोऐवजी तेथे उतरले. दोन्ही विमानतळांच्या उपगमनमार्गांवर वायूच्या मोठ्या टाक्या होत्या आणि वैमानिक त्यांचा खूण म्हणून उपयोग करीत. पुढे या टाक्यांवर हीथ्रोसाठी ‘एल एच’ व नॉर्थोल्टसाठी ‘एन ओ’ ही इंग्रजी अक्षरे ठळकपणे रंगविण्यात आली.

अशा चुकीचे मूळ केवळ अज्ञानात शोधणे योग्य नव्हे. अपेक्षित दिशेला, अपेक्षित वेळी एक धावपट्टी दिसली की ती आपलीच, असा मनाचा ग्रह होतो. त्यानंतर विसंगत खुणांकडे दुर्लक्ष होते आणि उपकरणांशी पडताळा घेण्याचे राहून जाते. अमेरिकेतील ब्रॅन्सन येथे जाणारे साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ विमान १२ जानेवारी २०१४ रोजी रात्री जवळच्या लहान विमानतळावर उतरले, तेव्हा त्या विमानतळाचे दिवे आधी दिसल्याने वैमानिकांचा असाच समज झाला होता. विमान धावपट्टीचे टोक अगदी जवळ आले असता थांबले.

धोका मुख्यतः धावपट्टीच्या लांबीचा असतो. अवजड जेट विमानास थांबण्यास पुरेसे अंतर मिळाले नाही, तर पलीकडील रस्ते व वस्ती यांवर आपत्ती ओढवू शकते. शिवाय, त्या धावपट्टीवर दुसरे विमान असल्यास टक्कर होण्याची भीती असते. कारण तेथील नियंत्रकास येणाऱ्या विमानाची कल्पना नसते.

यावरील उपाय साधे आहेत. दृश्य उपगमन करतानाही उपकरण अवतरण प्रणालीचे संकेत चालू ठेवणे, धावपट्टीचा क्रमांक व होकायंत्रावरील दिशा ताडून पाहणे आणि शेजारच्या विमानतळाची माहिती उतरण्यापूर्वीच ध्यानात घेणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. गल्लत होण्याजोगा विमानतळ मागे पडेपर्यंत नियंत्रकाने उतरण्याची परवानगी देऊ नये, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने केली आहे. जुहूचा उपयोग आता मुख्यतः हेलिकॉप्टरांसाठी होतो. परंतु जेथे दोन धावपट्ट्या एकाच दिशेने शेजारी आहेत, तेथे डोळ्यांनी पाहिलेल्याचा उपकरणांशी पडताळा घेण्याची गरज कायम आहे.