जुन्या लॅपटॉपवर वाय-फाय लागत नाही? नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी हे वाचा

जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर काढला, पण वाय-फाय काही लागत नाही. गूगलवर 'वाय-फाय सॉफ्टवेअर' शोधलं, तर डाउनलोडची बटणंच बटणं. पण थांबा! बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही.

ड्रायव्हर आणि मॅनेजर, फरक काय?

ड्रायव्हर म्हणजे वाय-फाय कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. मॅनेजर म्हणजे नेटवर्कची यादी दाखवणारा आणि पासवर्ड लक्षात ठेवणारा भाग. हा मॅनेजर विंडोजमध्येच असतो. एक्सपीत त्याचं नाव 'वायरलेस झीरो कॉन्फिगरेशन', तर व्हिस्टापासून पुढे 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग'. काही जुन्या लॅपटॉपवर इंटेल प्रोसेटसारखा कंपनीचा वेगळा मॅनेजरही असतो. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर कनेक्शनमध्ये गोंधळ होऊ शकतो. एकच ठेवा.

आधी काय तपासाल?

१. लॅपटॉपच्या कडेला किंवा कीबोर्डवर असलेलं वाय-फायचं बटण चालू आहे का?

२. 'सर्व्हिसेस'मध्ये वर सांगितलेली सेवा सुरू आहे का?

३. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आहे का? असेल तर बहुधा ड्रायव्हरची अडचण आहे.

योग्य ड्रायव्हर कसा ओळखायचा?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'डिटेल्स' आणि मग 'हार्डवेअर आयडी' उघडा. तिथे 'व्हीईएन'पुढे ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी असेल तर रिअलटेकचं, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमचं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत साइटवर जा, मॉडेल नंबर टाका, ड्रायव्हर उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. आधी फुकट स्कॅन करून मग पैसे मागणाऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर' अ‍ॅप्सपासून लांबच राहा.

पासवर्ड बरोबर, तरी जोडलं जात नाही?

अशा वेळी राउटरची सेटिंग बघा. फक्त डब्ल्यूपीए-३ चालू असेल तर अनेक जुनी कार्डं जोडली जात नाहीत. डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय निवडा. काही कार्डांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झही सुरू ठेवा. मात्र जुन्या लॅपटॉपसाठी राउटरचा पासवर्डच काढून टाकू नका.

वाय-फाय लागलं, पण पुढे?

विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला. म्हणजे नव्या त्रुटी सापडल्या तरी त्या दुरुस्त होऊन येत नाहीत. अशा लॅपटॉपवर नेट बँकिंग टाळा.

दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती तुलनेने हलकी आहे आणि तिच्यात 'नेटवर्कमॅनेजर' आधीच असतो. लॅपटॉप ६४-बिट असेल, तर ती पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताही चालवून बघता येते. तिथे वाय-फाय लागलं, तर कार्ड ठणठणीत आहे आणि अडचण विंडोजमध्ये आहे, हेही कळतं. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना मात्र इथेही वेगळा ड्रायव्हर लागतो.